चेहरा सैल सोडा

आमच्या ऑफिसात मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर असल्या वस्तूंची बाहेरची अंगं घडवतात. कारखान्यात साचा बनायच्या आधी ते अंग कॉम्प्युटरवर तयार व्हावं लागतं, ते मी करते. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं, गोल गरगरीत काहीतरी काढायचं झालं. करून बघा म्हणावं. चौकोनी खोका कोणीही काढेल. पण इस्त्रीची मूठ जिथे खालच्या अंगाला मिळते तिथून बोट फिरवलं तर एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळता कामा नये. हे तपासायला पडद्यावर त्या वस्तूवर काळेपांढरे पट्टे पाडतात. पट्टे सांध्यावरून न अडखळता वाहत गेले तर ठीक. कुठे तुटले की दिवसभराचं काम पाण्यात. आमचे साहेब मागे येऊन उभे राहतात, मानेवर श्वास सोडतात आणि म्हणतात, "इथे जरा खटकतंय." त्यांच्या माघारी आम्ही त्यांना गुळगुळीत साहेब म्हणतो. डोकंही तसंच आहे त्यांचं.

माझा स्वभाव मात्र गुळगुळीत नाही. बाबा मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात. म्हणायचे.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, ओळखपत्र, नोकरीचे अर्ज, हेच मुख्य गिऱ्हाईक. एक स्टूल, मागे निळा पडदा, दोन दिवे आणि बाबांची अखंड बडबड. माणूस स्टुलावर बसला की बाबा म्हणणार, "चेहरा सैल सोडा." असं म्हटलं की माणूस हमखास ताठ होतो. बाबांना ते पक्कं ठाऊक होतं. मग ते खोटा खटका दाबून म्हणायचे, "झालं, उठा." तो माणूस हुश्श करून हसायचा आणि त्याच क्षणी बाबा खरा फोटो काढायचे. अर्ध्या गावाच्या पाकिटात त्या हुश्श केलेल्या क्षणाचे फोटो आहेत.

असा हा बोलघेवडा माणूस, आणि त्याच्या अंगातले स्नायू एकेक करून काम सोडायला लागले. आधी बोटं गेली, मग दंड, मग मान कलायला लागली. शेवटी छाती. जागेपणी श्वास कसाबसा पुरायचा, झोपले की पुरायचा नाही. म्हणून उशाशी एक मशीन आलं. त्याची नळी मास्कला, मास्क नाकातोंडावर, आणि मशीन आत हवा ढकलणार. साधी गोष्ट. पण मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तर! बाजारात मिळणारे सगळे आकार आणून झाले. बाबांचे गाल आत गेलेले, नाक आधीच वाकडं. मास्क लावून झोपले की कडेने फुसफुस सुरू. हवा आत जायची ती उशीवर जायची. सकाळी बाबा डोकं धरून उठायचे, मला आत्याच्या नावाने हाक मारायचे, दुपारपर्यंत भानावर नसायचे.

छातीच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "रक्तात घाण हवा साठत चाललीय, डोकं त्यानेच भरकटतंय. ही गळती थांबली नाही तर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल."

"मग मी बोलणार कसा?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या बाबतीत बोलणं राहील असं मला वाटत नाही."

"मग मला ते नको," बाबा म्हणाले. "मुकं जगायचं असतं तर मासा झालो असतो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पुढच्या तपासणीपर्यंत बघू, म्हणाल्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा आईने माझा दंड धरला. "तू एवढ्या मिक्सरांना अंगं शिवतेस, तुझ्या बापाला एक मास्क होत नाही का?"

खरं सांगते, मला राग आला. आईचा नाही, माझाच. हे माझ्या डोक्यात आधी का आलं नव्हतं?

ऑफिसात वस्तूचं माप घ्यायचं एक हातात धरायचं यंत्र आहे. वस्तूवरून हळूहळू फिरवलं की तिचा आकार जसाच्या तसा पडद्यावर उतरतो. त्याला आम्ही इस्त्री म्हणतो, कारण ते दिसतं तसंच आणि फिरवायचंही तसंच. फक्त टेकवायचं नाही, वीतभर वर धरायचं. साहेबांकडे मागितलं तर म्हणाले, "ने. पण मिक्सरची तारीख चुकायला नको." मी म्हटलं, मिक्सर कुठे पळून जातोय. ते ऐकलं न ऐकलंसं करून गेले.

पहिलं माप घ्यायला गेले तर बाबा तयार होऊन बसलेले! आईकडून दाढी करून घेतलेली, केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. "मास्क करायचाय बाबा, स्थळ बघायला नाही आले मी." ते म्हणाले, "चेहऱ्याचं काम आहे, नीट नको?" मी माप घेतलं. पडद्यावर राखाडी रंगात बाबांचा चेहरा आला, बंद डोळ्यांचा, पुतळ्यासारखा. सुरकुत्या जरा मऊ केल्या, मास्कची कड त्यावर बसवली, पट्टे पाडून बघितले. लोण्यासारखे वाहत होते. साचा बनवणाऱ्या काकांनी त्यावरून मऊ रबराचा मास्क ओतून दिला. बाबांना बसल्या बसल्या लावला तर असा चपखल बसला की आई रडायलाच लागली.

झोपले आणि फुसफुस सुरू.

मला वाटलं, सुरकुत्या मऊ केल्या तिथेच चुकलं. दुसऱ्या वेळी एकही सुरकुती सोडली नाही. जागेपणी चपखल, झोपले की फुसफुस. तिसऱ्या वेळी कड जाड केली, मास्कचे डोक्यामागचे पट्टे घट्ट केले. बाबांच्या गालफडावर वळ उठले आणि नाकाच्या दांड्यावरची कातडी गेली. फुसफुस होतीच. दाढी करताना त्या जखमेवर साबण लागला तेव्हा ते कळवळले, आणि मी आत जाऊन भांड्यांवर राग काढला. तपासणी जवळ आली होती. बाबांचं बरळणं आता दुपारीही थांबत नव्हतं. एकदा मलाच म्हणाले, "बाई, हनुवटी जरा वर. नाव काय तुमचं?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तिन्ही मापं एकावर एक ठेवली. असं केलं की जिथे फरक पडला तिथे रंग बदलतो. कपाळाच्या कडा, गाल, मान, सगळीकडे रंग बदललेला. माणूस झिजत होता, तो दिसत होता. फक्त ओठांचे कोपरे आणि जबडा, तिथे काहीच नाही. तिन्ही वेळा केसाचाही फरक नाही. ज्याच्या मानेला डोकं पेलत नाही, त्याचा जबडा एवढा जागच्या जागी?

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. बाबा पोझ देत होते.

मी इस्त्री घेऊन समोर आले की ते उरलंसुरलं सगळं बळ तोंडात गोळा करायचे, दात दाबून धरायचे. तो चेहरा घेऊन मी मास्क करत होते, आणि झोपल्यावर तो चेहरा जागेवर नसायचा. मिक्सर कधी पोझ देत नाही. इस्त्रीला लाज वाटत नाही. वस्तू जशी आहे तशी समोर बसते हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं, की समोर माणूस बसलाय हे मी विसरलेच. झोपेत घालायचा मास्क, आणि मी माप घेत होते जागेपणी, दाढी करून बसलेल्याचं! माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

बाबांचाही राग आला. हा माणूस मरणाच्या दारात बसलाय आणि नीट दिसायचं बघतोय!

त्याच दुपारी घरी गेले. "बाबा, तोंड सैल सोडायचं."

"सैलच आहे."

"नाहीये. दात दाबताय तुम्ही."

"बरं," म्हणाले, आणि आणखी ताठ झाले. मी इस्त्री फिरवली, खाली ठेवली, म्हटलं, "झालं, उठा," आणि लगेच परत उचलली. बाबांचा एक डोळा उघडला.

"माझीच युक्ती मला?"

मला हसूही आलं आणि रडूही. "ती युक्ती एका क्षणाच्या फोटोला चालते, मला मिनिटभर लागतं. खरंच सोडा ना. तुम्हाला कळतंय ना काय होणार आहे? गळ्याला भोक पाडतील!"

ते भिंतीकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "सोडला की तोंड उघडं पडतं. लाळ गळते. जीभ दिसते. तुझ्यासमोर नाही होत मला ते."

"मी परकी आहे का?"

"तू माझी मुलगी आहेस, म्हणूनच नाही होत."

मी आईकडे बघितलं. आई पदराशी चाळा करत उभी होती. म्हटलं, तू घेशील माप?

"मी? ते मशीन?"

"शर्टाला इस्त्री करतेस ना, तशीच. टेकवायची नाही एवढंच. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मग हनुवटीखाली. मध्ये हात आणू नकोस."

तिला दोनदा उशीवर करून दाखवलं. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, माझ्याच बापाच्या चेहऱ्यापासून लपून. यंत्र चालू असताना बारीक टिकटिकतं. टिकटिक सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली. आई म्हणाली, "अहो, असू द्या. मीच आहे." मग बराच वेळ नुसती टिकटिक.

मोठा पडदा ऑफिसात, त्यामुळे काम तिथेच करावं लागणार होतं. सकाळी फाइल उघडली आणि हातातला माउस सुटला.

तो चेहरा बाबांचा नव्हताच. म्हणजे होता. एक बाजू ओघळलेली, ओठ उलटा पडलेला, तोंड आ वासलेलं, डोळ्याखालची कातडी गळून आलेली. राखाडी रंगात, चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असा. जो मी बघू नये म्हणून बाबांनी एवढा आटापिटा केला तो चेहरा मला दिवसभर मोठा करून, एकेक घडी तपासत बसायचं होतं. आणि मग दिसलं की आईने गोंधळ घातलाय. जबड्याखाली तिचा हात आला होता.

मी तिथल्या तिथे फोन लावला. "आई, तुला सांगितलं होतं ना हात आणू नकोस म्हणून! सगळं फुकट गेलं की नाही!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "सोडला की जबडा छातीवर येतो त्यांचा. मग काय करू? दुपारी झोपतात तेव्हा असाच धरून बसते मी रोज. धरला की फुसफुस थांबते, तेवढीच त्यांना झोप लागते."

"काय थांबते?"

"फुसफुस गं. हवेची. रात्री मीही झोपते, मग हात सुटतो."

मी खुर्चीत मागे टेकले. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू बसतेस कुठे? येतेस, माप घेतेस, चिडतेस, जातेस."

ती रागाने म्हणाली नव्हती. म्हणून जास्त लागलं.

मी परत पडद्याकडे बघितलं. यंत्राला कोणाचं काय ते कळत नाही. हात आणि गाल यांच्यात जी फट होती ती त्याने भरून टाकली होती आणि दोघांची मिळून एकच कातडी केली होती. सवयीने मी पट्टे पाडले. आईच्या अंगठ्यावरून ते बाबांच्या जबड्यावर गेले आणि तिथून गालावर, कुठेही न अडखळता. असा सांधा जमवायला मला आठवडा लागतो.

मानेवर श्वास आला. साहेब. "इथे जरा..." म्हणाले आणि थांबले. मग विचारलं, "हा हात कोणाचा?"

"आईचा."

"मिक्सर उद्या बघू," म्हणाले आणि त्यांच्या खोलीत गेले.

तो हात मी कापून टाकला नाही. बाबांचा उघडा जबडा आईच्या हाताने जिथे अडवला होता तीच जागा धरली आणि मास्कच्या खाली हनुवटीसाठी एक बैठक घडवली, तिच्या तळव्याच्या खळग्याची. अंगठ्याच्या मुळाशी तिच्या हाताला जाड गादी आहे, तीही ठेवली. एरवी असला उंचवटा मी घासून काढला असता. त्या दिवशी काहीच गुळगुळीत केलं नाही.

मास्क आला. दुपारी बाबांना झोपवलं. आई सवयीने हात पुढे करून बसली होती. मी तिचा हात धरून ठेवला. बाबांचे डोळे मिटले, जबडा सुटला, आणि बैठकीत जाऊन बसला. आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो. मशीनची घरघर, छाती वर, छाती खाली. बाकी काही नाही. आईला आपला मोकळा हात कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी तिने तो मांडीवर उपडा घातला.

तपासणीत रक्त सुधारलेलं निघालं. भोकाचं पुढे ढकललं. बाबांचं डोकं जागेवर आलं आणि तोंड परत सुरू झालं. डॉक्टरीणबाईंना ते फोटो कसा काढावा ते शिकवायला लागले. एक दिवस आई बाहेर गेलेली बघून मला म्हणाले, "ठिणगे, तू बघितलास ना तो?"

"काय?"

"माझा चेहरा. तुला बघावाच लागला असणार."

खोटं बोलावंसं वाटलं. नाही जमलं. "हो."

"कसा आलाय?"

गिऱ्हाईक त्यांना विचारायचं तसं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, "सैल."

बाबा हसले. हसताना धाप लागली तरी हसत राहिले. "जन्मभर लोकांना सांगत आलो. ते कोणाला दाखवू नकोस. भिंतीवर स्टुडिओतला लावा, निळ्या पडद्याचा." मी बरं म्हटलं.

थंडी पडली आणि त्यांच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलात नेलं. खोकून काढायला अंगात जोर नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मास्कने भागणार नाही, आता भोक पाडलं तर वाचतील, काही महिने, कदाचित वर्षही. त्या वाकून बाबांना म्हणाल्या, "तुम्ही सांगा."

जुना मास्क असता तर फुसफुशीत काही कळलं नसतं. मग आम्ही काय ते ठरवलं असतं, मी ठरवलं असतं, आणि भोक पाडायलाच लावलं असतं. पण माझा मास्क कुठूनही गळत नव्हता. आतून आवाज आला, दबका, पण स्वच्छ. "नको."

"बाबा," मी ओरडले. नर्स वळून बघायला लागली, बघू दे. "बाबा, असं करू नका. मी बोलेन तुमच्याशी, तुम्ही नुसते डोळे हलवा, पण असं करू नका!"

"नको गं," ते परत म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि तसं लिहून घेतलं. त्या क्षणी मला त्या मास्कची इतकी चीड आली की तो ओरबाडून जमिनीवर आपटावासा वाटला. वडिलांना श्वास मिळावा म्हणून घडवला होता मी तो. त्यांना नाही म्हणता यावं म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. नर्सने मशीन बंद केलं, मास्कचे पट्टे सोडले आणि मास्क उचलला. जबडा सुटला. दाराशी आत्या आणि काका उभे होते. आत्याने तोंडावर हात घेतला आणि मान फिरवली. मला नवीन काही नव्हतं. त्या चेहऱ्याची प्रत्येक घडी माझ्या ओळखीची होती.

नर्स पट्टी घेऊन आली. "जबडा बांधावा लागेल, नाहीतर असाच राहील."

"राहू द्या," आई म्हणाली. खुर्ची ओढून बसली आणि तळवा त्यांच्या हनुवटीखाली घातला. तोंड मिटलं.

"अहो, बराच वेळ धरावं लागेल," नर्स म्हणाली.

बऱ्याच वेळाने तिचा हात अवघडला. मी म्हटलं, सरक, मी धरते. ती सरकली. मी हात घातला तर तो बसेना. मी जागा बदलली, बोटं बदलली. सगळी मापं माझ्या तोंडपाठ होती, तरी ओठ उघडत होते. डोळ्यांना धारा लागल्या आणि मी आणखीच जोर लावला.

"तू दाबतेयस," आई म्हणाली. तिने माझं मनगट धरलं. "ताठ करू नकोस. सैल सोड."

मी हात सैल सोडला. हनुवटी त्यात येऊन बसली, अजून कोमट होती. आईने माझ्या हाताखाली आपला हात घातला आणि आम्ही तशाच बसून राहिलो. नर्स थोडा वेळ पट्टी घेऊन उभी होती, मग तीही गेली.